अक्वायनस वाचायला बाप्तिस्मा लागत नाही

मागच्या अंकात ‘देव तर्काने सिद्ध होतो का’ या प्रश्नाला उत्तर देताना मी थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या इटालियन संन्याशाचं नाव घेतलं आणि पुढे निघून गेलो. वाचकांनी काही मला तसं जाऊ दिलं नाही. पत्रं आली, बहुतेक ठाण्यातून आणि नवी मुंबईतून. म्हणून या वेळी सगळी जागा त्याच विषयाला, म्हणजे कॅथलिक परंपरेतल्या तत्त्वज्ञानाला. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी मूळचा वसईचा, कॅथलिक. तरुणपणी सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, तत्त्वज्ञान शिकलो, फादर न होता बाहेर पडलो आणि निवृत्त होईपर्यंत ठाण्यात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवलं. माझा कल कुठे आहे हे आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे त्याप्रमाणे माझ्या म्हणण्यातलं काही वजा करता येईल.

मी ऐरोलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. वय अठ्ठावीस, शिक्षण बी. एस्सी. घरी वारकरी वातावरण, आजोबा माळकरी. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीमुळे अक्वायनसबद्दल कळलं आणि ही परंपरा नीट शिकावी असं मनात आहे. आई म्हणते, ‘बाटवतील तुला.’ माझी शंका वेगळी आहे. ज्यांचं उत्तर आधीच ठरलेलं आहे, त्यांच्या विचाराला तत्त्वज्ञान म्हणायचं का? आणि शिकायचं तर सुरुवात कुठून करू?
— एक वाचिका, ऐरोली

आईंची शंका आधी घेऊ, कारण संध्याकाळी घरी त्यांनाच तोंड द्यायचंय. तत्त्वज्ञान शिकायला बाप्तिस्मा लागत नाही आणि शिकल्याने तो आपोआप होतही नाही. खुद्द अक्वायनसने लिहून ठेवलंय की ज्यांनी ही श्रद्धा कधी स्वीकारलीच नाही त्यांच्यावर तिची सक्ती करू नये, कारण विश्वास ठेवणं हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे. ज्यू आईबापांच्या मुलांना आईबापांच्या मनाविरुद्ध बाप्तिस्मा देऊ नये, असंही तो बजावतो. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला तो नियम लागू होत नाही, पण आईंना ऐकून बरं वाटेल. आता अर्धंच सांगून थांबलो तर ती लबाडी होईल. त्याच ठिकाणी तो असंही म्हणतो की एकदा श्रद्धा पत्करून नंतर ती सोडणाऱ्यांवर मात्र सक्ती करता येते. ते वाक्य मला आजवर पचलेलं नाही. चर्चनेही १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला आणि धर्माच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती नको, असं स्वच्छ शब्दांत मांडलं.

तुमची स्वतःची शंका जुनी आहे आणि वजनदारही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९४५ मध्ये आलेल्या आपल्या पाश्चात्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासात अक्वायनसवर हाच ठपका ठेवला. हा माणूस युक्तिवाद नेईल तिकडे जात नाही, विचार करायला बसण्याआधीच सत्य त्याच्या खिशात आहे, असा त्याचा सूर. अँथनी केनी यांनी त्यावर केलेली टिप्पणी मला फार आवडते. केनी हे कॅथलिक पुरोहित होते, पुढे त्यांनी पौरोहित्य सोडलं, अज्ञेयवादी झाले. म्हणजे चर्चची वकिली करायचं त्यांना काही कारण नव्हतं. ते म्हणतात, दोन अधिक दोन चार हे सिद्ध करायला रसेलने स्वतः शेकडो पानं खर्ची घातली, आणि उत्तर चार येणार हे त्यालाही जन्मभर माहीत होतं!

निष्कर्ष आधी ठाऊक असला तरी मधल्या पायऱ्या कुणालाही तपासता येतात. पायरी कच्ची निघाली की पुरावा पडला. मग मांडणाऱ्याची श्रद्धा टिकते की नाही, हा त्याचा प्रश्न. अक्वायनसचं मोठेपण मला दिसतं ते तो कुठे थांबतो त्यात. विश्वाला सुरुवात होती हे तो श्रद्धेने मानतो, पण तर्काने ते सिद्ध करता येत नाही असं कबूल करतो. वर सहधर्मीयांना दटावतो की असले लेचेपेचे पुरावे पुढे करू नका, न मानणारे लोक आपल्याला हसतील. ज्याला कसंही करून जिंकायचंय तो माणूस असं लिहीत नाही.

आता सुरुवात. बाजारात ‘अक्वायनसची ओळख’ छापाची इंग्रजी पुस्तकं पुष्कळ आहेत. ती बाजूला ठेवा आणि मूळ ग्रंथाचं एकच पान घ्या. त्याचा मुख्य ग्रंथ म्हणजे सुम्मा थिऑलॉजिए. १२६५ च्या सुमारास सुरू केला आणि डिसेंबर १२७३ मध्ये अर्धवट सोडला. एके दिवशी लिहिणंच थांबवलं. आपण लिहिलेलं सगळं आता गवताच्या काडीसारखं वाटतं, असं तो सोबत्याला म्हणाल्याचं सांगतात. पुढच्या मार्चमध्ये तो गेला. ग्रंथात पाचशेच्या वर प्रश्न आहेत, प्रत्येकाच्या पोटात उपप्रश्न, आणि हे उपप्रश्न अडीच हजारांच्या पुढे जातात. सगळा वाचायच्या फंदात पडू नका, मीही वाचलेला नाही. पहिल्या भागातला दुसरा प्रश्न, तिसरा उपप्रश्न, एवढंच काढा. अक्वायनसच्याच संघातल्या, म्हणजे डॉमिनिकन, फादरांनी केलेलं जुनं इंग्रजी भाषांतर १९११ पासून छापलं जाऊ लागलं. त्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे ते फुकट मिळतं. छापील दोन पानांत मावेल एवढा मजकूर आहे.

उपप्रश्नाचा मथळा: देव आहे का? आणि पहिली ओळ: ‘देव नाही असं दिसतं.’ संन्याशाच्या ग्रंथात, हो! आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी बाजू, आधी येतो तसाच इथेही येतो, आणि तो उपचारापुरता नाही. पहिला आक्षेप असा की दोन विरुद्ध गोष्टींपैकी एक अनंत असेल तर दुसरीला जागाच उरत नाही. देव म्हणजे अनंत चांगुलपणा. तेव्हा देव असता तर वाईट कुठे सापडलंच नसतं. पण जगात वाईट आहे. म्हणून देव नाही. दुसरा आक्षेप आजच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आपलाच वाटेल. थोड्या कारणांत काम भागत असेल तर जास्त कारणं कशाला मानायची? निसर्गातल्या घडामोडी निसर्गाने समजतात, माणसाची कृत्यं त्याच्या बुद्धीने आणि इच्छेने समजतात, मग देवाची गरज काय? नास्तिकांच्या सभेत या दोन परिच्छेदांपेक्षा नेमकं काही मी ऐकलेलं नाही.

त्यानंतर उलट बाजूचा एक दाखला येतो, बायबलमधला ‘मी आहे तो आहे’. मग ‘मी उत्तर देतो की’ अशी सुरुवात करून देव आहे हे दाखवायचे पाच मार्ग, आणि शेवटी दोन्ही आक्षेपांना एकेक करून उत्तर.

या पाच मार्गांची लोक वाट लावतात ती इथे. ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून जगाला देव हे कारण, मग देवाला कारण कोण?’ असं एका दमात विचारून मोकळे होतात. अक्वायनस प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं म्हणतच नाही. तो म्हणतो, जे जे बदलतंय किंवा हलतंय ते दुसऱ्या कशामुळे तरी. शिवाय त्याच्या डोळ्यांपुढे बाप, आजोबा, पणजोबा अशी मागे जाणारी साखळी नाही. ती अनंत असली तरी त्याची हरकत नाही, कारण आजोबा वारले तरी बापाला मूल होऊ शकतं. त्याचं उदाहरण हाताने ढकललेल्या काठीचं आहे. हात थांबला की काठी त्याच क्षणी थांबते. दिवा स्टेशनात उभी असलेली मालगाडी आठवा. शेवटचा डबा पुढच्या डब्यामुळे हलतो, तो त्याच्या पुढच्यामुळे. डबे वाढवत थेट पनवेलपर्यंत नेले तरी नुसत्या डब्यांची गाडी जागची हलायची नाही. इंजिन किती वर्षांपूर्वी जोडलं हा प्रश्नच नाही, आत्ता या घटकेला ओढतंय कोण, हा आहे.

पटलं? लगेच पटू देऊ नका. या युक्तिवादाला दमदार उत्तरं आहेत. हालचाल चालू राहायला ढकलणारा लागतो हे न्यूटननंतर तसंच मानता येत नाही. कारणाची कल्पना अनुभवाच्या बाहेर नेता येते का, असं जर्मन तत्त्वज्ञ कांटने विचारलं. आणि इंजिन एकच कशावरून? आपल्याकडे न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात कार्यावरून कर्त्याकडे जाणारी वाट घेतली तेव्हा बौद्ध आणि मीमांसक समोर दंड थोपटून उभे होते. ते वाद वाचले असतील तर अक्वायनस जास्त चांगला कळतो. त्याच्यासमोर ठेवलेलं साहित्यही एकाच धर्माचं नव्हतं. ग्रीक अ‍ॅरिस्टॉटल, मुसलमान इब्न सीना आणि इब्न रुश्द, ज्यू मैमोनिदीस हे सगळे त्याच्या पानापानावर येतात, आणि तो ‘हा आपला, तो परका’ असं न करता प्रत्येकाचं काय घ्यायचं, काय सोडायचं ते सांगतो.

माझी स्वतःची नाराजी आहे ती पहिल्या आक्षेपाच्या उत्तरावर. एवढा धारदार पूर्वपक्ष उभा करून उत्तराला जेमतेम दोन-तीन वाक्यं. संत ऑगस्टीनचा हवाला देऊन तो म्हणतो, वाइटातूनही चांगलं घडवण्याइतका देव समर्थ आणि चांगला आहे, म्हणूनच तो वाईट घडू देतो. पोटचं पोर गेलेल्या बाईसमोर हे वाक्य उच्चारायची माझी छाती नाही. पण हेही खरं की हे उत्तर तोकडं आहे हे मला कळतं, ते आक्षेप त्यानेच इतका चोख मांडून ठेवलाय म्हणून.

वाचायची एक रीत सांगतो, आमच्या शनिवारच्या वाचनगटात आम्ही ती पाळतो. आक्षेप वाचायचे, पुढचा मजकूर कागदाने झाकायचा आणि आपलं उत्तर वहीत लिहायचं. मग कागद काढायचा. तुमचं रोजचं काम टेस्टिंगचं आहे, तुम्हाला हे जड जाणार नाही. कुठल्याही वर्गाची, फादरांची किंवा प्राध्यापकांची पारखही याच कसोटीवर करा. आक्षेप पूर्ण ताकदीने मांडू देतात का? देत असतील तर बसा. ‘आपल्याला उत्तर माहीतच आहे’ असं म्हणून आक्षेप उरकून टाकत असतील तर घरी या, मग तो वर्ग कुठल्याही धर्माचा असो.

रीतसर पदवी हवी असेल तर सगळ्यांत जवळ मुंबई विद्यापीठाचा कालिन्यातला तत्त्वज्ञान विभाग. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून कुर्ला आणि पुढे बस किंवा रिक्षा, एवढं रोज झेपेल का ते बघा. तिथे भारतीय आणि पाश्चात्य दोन्ही शिकाल, मध्ययुग त्यातला एक भाग असेल. नोकरी सांभाळून करायचं तर इग्नूचं तत्त्वज्ञानातलं एम. ए. दूरशिक्षणाने होतं. याच परंपरेत मुरायचं असेल तर पुण्याला नगर रोडवर ज्ञानदीप आहे. ही संस्था १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. तिथे मुख्यतः फादर होऊ घातलेले तरुण आणि सिस्टर्स शिकतात. तिच्या पदव्या रोमच्या मान्यतेच्या असतात, तेव्हा नेट-सेट किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल तर कुठली पदवी कुठे चालते हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. आणि नोकरी सोडू नका. मी निवृत्त झालो तेव्हा माझी जागा भरलीच गेली नाही, यावर काय ते समजा.

माझा धाकटा मुलगा फादर व्हायला सेमिनरीत गेला आहे. आता कळतं की थिऑलॉजीच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, आधी तीन वर्षं त्याला फिलॉसॉफीच शिकवणार, त्यातही प्लेटो, कांट आणि शंकराचार्य. आमच्या पॅरिशला फादरांची वानवा आहे. आजाऱ्याला भेटायला आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करायला कांट कशाला लागतो? ही वर्षं फुकट जात नाहीत का?
— एक वडील, कोलबाड, ठाणे

अहो, आजाऱ्याला भेटायलाच लागतो.

नियम आधी सांगतो. चर्चच्या कायद्याप्रमाणे पुरोहिताच्या शिक्षणात किमान दोन पूर्ण वर्षं तत्त्वज्ञानाला आणि चार थिऑलॉजीला द्यावी लागतात. रोमच्या मान्यतेची तत्त्वज्ञानातली पहिली पदवी २०११ पासून तीन वर्षांची झाली. मुलाचं वेळापत्रक असं का आहे, ते यातून लक्षात येईल. शंकराचार्य कशाला, असंही तुमच्या सुरात ऐकू आलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या श्रद्धा आणि बुद्धीवरच्या पत्रकात भारताचं नाव घेऊन म्हटलंय की इथल्या विचारपरंपरांतलं जे सामावण्याजोगं आहे ते इथल्या ख्रिस्ती लोकांनी घ्यावं. त्याच पत्रकात असंही आहे की चर्चचं स्वतःचं असं कुठलंही एक तत्त्वज्ञान नाही. बंगालमधल्या ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, कॅथलिक झाल्यावर, अक्वायनस आणि वेदान्त एकत्र बसवायचा खटाटोप केला. तेव्हा चर्चच्या अधिकाऱ्यांना तो रुचला नाही. आज तेच उपाध्याय सेमिनरीत अभ्यासाला असतात.

आता आजाऱ्याकडे येऊ. आमच्या वेळी एक म्हातारे प्रोफेसर फादर होते. त्यांच्या वर्गात नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून बसता यायचं नाही. एकाने विधान मांडायचं, दुसऱ्याने त्याच्यावर हल्ला करायचा, आणि मांडणाऱ्याने प्रत्येक वाक्याला तीनपैकी एक उत्तर द्यायचं: कोन्सेदो, मान्य, नेगो, अमान्य, दिस्तिंग्वो, म्हणजे थांबा, यात दोन अर्थ आहेत, ते आधी वेगळे करतो. लॅटिनमधले हे तीन शब्द तेवढे जुन्या पद्धतीतले उरले होते. तिसरा शब्द उच्चारला की फादर खुर्चीत पुढे सरकायचे, कारण खरी परीक्षा तिथे असायची. फरक करतो म्हणालास ना, मग कर!

समजा उद्या तुमचा मुलगा एखाद्या आयसीयूबाहेर उभा आहे. आत एका घरची आई व्हेंटिलेटरवर, डॉक्टरांनी आशा सोडलेली. थोरला म्हणतो, ‘मशीन काढलं म्हणजे आपण आईला मारलं.’ धाकटा म्हणतो, ‘किती दिवस तिचे हाल बघायचे?’ दोघं फादरांकडे बघतायत. इथे भक्तिगीत उपयोगाचं नाही. ‘मशीन काढणं म्हणजे मारणं’ या वाक्याला कोन्सेदो म्हटलं तरी चूक आणि नेगो म्हटलं तरी चूक. दिस्तिंग्वो. मरण यावं म्हणून काही करणं वेगळं; आणि ज्या उपचाराने आता काही साधत नाही, नुसता भार वाढतो, तो थांबवून मरणाला त्याच्या वाटेने येऊ देणं वेगळं. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना हेच सांगितलं की साधारण उपचार करणं बंधनकारक आहे, असाधारण नाही. त्याच वर्षी त्यांनी असंही म्हटलं की दुसरा इलाज नसेल तर वेदना शमवायला औषध द्यावं, त्याने आयुष्य थोडं कमी झालं तरी, कारण हेतू वेदना घालवण्याचा आहे, जीव घेण्याचा नाही. या विचाराची मुळं शोधत गेलात तर अक्वायनसच्या स्वसंरक्षणावरच्या उपप्रश्नाशी पोचता. एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, त्यातला एक हेतूत असतो, दुसरा हेतूबाहेर, असं तो तिथे लिहितो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निरुपयोगी उपचार नाकारण्याच्या हक्काला मान्यता दिली, तेव्हाच्या चर्चेतही असेच भेद करावे लागले.

ज्याने तीन वर्षं असे फरक करायचा सराव केलेला नाही, तो त्या दोन भावांना पाठ केलेलं काहीतरी ऐकवेल आणि घरी जाईल. शिवाय थोरल्याने ‘पण हेतू कोण बघतो, परिणाम तर तोच ना?’ असं विचारलं की संपलं. हा हेतू बघणारा कांट आणि परिणाम बघणारे उपयुक्ततावादी यांचा वाद आहे, आणि तो आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर चालतो. मुलाला शिकू द्या. सुट्टीत घरी आला की त्याच्याशी एखाद्या विषयावर कडकडून भांडा, तोही अभ्यासच आहे.

गॅलिलिओला छळणाऱ्या, पुस्तकांवर बंदी घालणाऱ्या संस्थेच्या ‘बौद्धिक परंपरे’चं कौतुक आपण कुठल्या तोंडाने करता?
— एक निवृत्त अभियंता, वाशी

आपण तीनच शब्द वापरलेत, छळ, बंदी आणि तोंड. पहिले दोन बरोबर आहेत.

गॅलिलिओला १६३३ मध्ये शिक्षा झाली आणि तो उरलेलं आयुष्य नजरकैदेत राहिला. पृथ्वी फिरते हे त्याच्याकडून शपथेवर नाकारून घेतलं गेलं. बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी सोळाव्या शतकात सुरू झाली ती १९६६ पर्यंत चालली. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त, जो आयुष्यभर कॅथलिक होता, तो मेल्यावर १६६३ मध्ये त्याची पुस्तकं त्या यादीत गेली. कांटचा मुख्य ग्रंथ १८२७ मध्ये गेला. म्हणजे ज्या कांटबद्दल वरचे वडील कुरकुर करतायत, तो त्यांच्या मुलाच्या पणजोबांना परवानगीशिवाय वाचता आला नसता! मी यावर पांघरूण घालणार नाही.

पण एक गोष्ट जोडतो. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी आणली. अ‍ॅरिस्टॉटलच्या नादाने विद्यापीठ बिघडत चाललंय अशी तक्रार होती. त्यातली काही विधानं तीन वर्षांपूर्वी वारलेल्या अक्वायनसच्या मतांना जाऊन भिडत होती. पुढे १३२३ मध्ये तोच संत ठरला, आणि १८७९ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी सगळ्या कॅथलिक विद्यालयांना त्याच्याकडे परत जायला सांगितलं. बंदी घालणारे आणि बंदी सोसणारे, दोघंही याच परंपरेत आहेत. सोळाव्या शतकात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना त्यांची जमीन आणि सत्ता यांवर हक्क आहे असं स्पेनच्या विद्यापीठात बसून मांडणारा फ्रान्सिस्को दे व्हितोरिया डॉमिनिकन होता, आणि त्याच वेळी त्या रहिवाशांना लुटणारे शिपाईही मिस्सेला जात होते. आपण अभियंते आहात, पूल पडला म्हणून स्थापत्यशास्त्र शिकणं थांबवायचं, असं आपण म्हणणार नाही. पूल कुणी आणि का पाडला ते शिकवा, म्हणाल. ते शिकवलंच पाहिजे, आणि पहिल्याच वर्षी.

थोडक्यात

*लॅटिन यायलाच हवं का? (कळवा)*
सुरुवातीला नको. संशोधन करायचं ठरलं की हवंच.

*या परंपरेत सगळे दाढीवाले बाबेच आहेत का? (घोडबंदर रोड)*
पूर्वी बहुतेक. विसाव्या शतकात नाही. एडिथ स्टाइन ज्यू घरातल्या, जर्मन तत्त्वज्ञ हुसेर्लच्या विद्यार्थिनी, समानुभूती (एम्पथी) या विषयावर प्रबंध. १९२२ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे कार्मेलाइट संघात जोगीण झाल्या, आणि १९४२ मध्ये ज्यू म्हणून त्यांना आउश्वित्झला ठार मारलं गेलं. एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या तत्त्वज्ञ विटगेनश्टाइनच्या शिष्या आणि भाषांतरकार. १९५६ मध्ये ऑक्सफर्डने अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हिरोशिमा-नागासाकीवर बाँब टाकायचा हुकूम देणाऱ्याला पदवी नको. फार थोड्या लोकांनी साथ दिली. पदवी दिली गेलीच. दोन वर्षांनी त्यांनी आधुनिक नीतिशास्त्रावर जो निबंध लिहिला, त्याने त्या विषयाची दिशा बदलली. सात मुलांची आई होती ती.

*बारावीला तर्कशास्त्रात ‘बार्बारा, सेलारेन्ट’ घोकलं होतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का? (नेरूळ)*
थेट आहे. ती अनुमानाच्या प्रकारांची नावं, तेराव्या शतकातल्या याच शाळांची कारागिरी. बार्बारामधले तिन्ही स्वर ‘अ’, म्हणजे तिन्ही विधानं सर्वव्यापी होकारात्मक: सगळी माणसं मर्त्य, सगळे ठाणेकर माणसं, म्हणून सगळे ठाणेकर मर्त्य. व्यंजनंही उगाच नाहीत. बारोको, बोकार्दो यांच्या पोटातला ‘क’ सांगतो की इथे विरुद्ध विधान गृहीत धरून विसंगती दाखवा. ही नावं म्हणजे एका शब्दात कोंबलेली अख्खी पद्धत आहे. मी शिकवत होतो तेव्हा मुलं याला मंत्र म्हणायची आणि मी ते चालू द्यायचो.

*ठाण्याचा या सगळ्याशी काही संबंध? (एक शिक्षिका, चेंदणी)*
बादरायण म्हणाल तर आहे. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. त्यांच्याबरोबर या किनाऱ्यावर आलेला जॉर्डेनस हा डॉमिनिकन, म्हणजे अक्वायनसच्याच संघाचा. त्याने त्यांचे मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. अक्वायनस संत ठरायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. जॉर्डेनसने इथे तत्त्वज्ञानाचे वर्ग घेतल्याचा कुठे उल्लेख नाही, तेव्हा तलावपाळीवर त्याचा फलक लावायची घाई नको.

*मराठीत काय वाचू? (डोंबिवलीहून आलेलं पत्र, चालवून घेतलं)*
मराठी विश्वकोशातल्या नोंदी आधी, त्या आता संगणकावर फुकट वाचता येतात. मग दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश, १९७४ चा. मोठ्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात मागा. फादर स्टीफन्सचं १६१६ चं क्रिस्तपुराण वाचायची इच्छा असेल तर जरूर वाचा, भाषेसाठी तर नक्कीच, पण ते पुराण आहे. त्यात पाद्रीला शंका विचारल्या जातात हे खरं, तरी त्याला तत्त्वज्ञानाचं पाठ्यपुस्तक समजू नका. अक्वायनसचे शंभरेक निवडक उपप्रश्न चांगल्या मराठीत यायला हवेत. हे काम कुणी एकटा करू शकणार नाही.

*आपल्या वाचनगटात येता येईल का? (तिघांनी विचारलं)*
या. जागा नौपाड्यात, दुसरा मजला, लिफ्ट नाही. सध्या स्वसंरक्षणाचा उपप्रश्न चालू आहे आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी दर शनिवारी अक्वायनसला उलटतपासणीला घेतात. नव्या माणसाने पहिल्या बैठकीत फक्त आक्षेपाची बाजू मांडायची, असा आमचा रिवाज आहे. मासिकाच्या पत्त्यावर कार्ड टाका, वेळ कळवतो.